लालबागचा मसाला आणि परळची रक्ततपासणी

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मिरची गल्लीत शिरलं की दुकान दिसण्याआधी शिंक येते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग, शेजारी धणे, लवंग, दालचिनी, मिरी, बडीशेप, शहाजिरं, दगडफूल, हळकुंडं, हिंगाचे खडे. वर्षाचा मसाला भाजून, कुटून, डब्यांत भरून नेणाऱ्या घरांची संख्या आता घटली असली तरी गल्ली अजून जिवंत आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर परळचं केईएम रुग्णालय. त्याच आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. रक्त न साकळण्याच्या आणि नको तिथे साकळण्याच्या, अशा दोन्ही आजारांवर तिथे अनेक दशकं काम होत आलं आहे.

या दोन ठिकाणांना जोडणारा एक प्रश्न केईएमच्या ओपीडीच्या रांगेत कायम कानावर पडतो: "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर लसूण खाऊ का? आलं? हळदीचं दूध?" तो गंमत म्हणून सोडून द्यावा असा नाही. लालबागच्या पोत्यांतले निम्मेअधिक जिन्नस गेल्या पन्नास-साठ वर्षांत कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत रक्ताच्या थेंबात मिसळून पाहिले गेले आहेत, आणि बहुतेकांनी काही ना काही परिणाम दाखवला आहे. या सगळ्या संशोधनावरून नजर फिरवल्यावर माझं मत असं झालं आहे: परीक्षानळीतला परिणाम खरा आहे, ताटातला फारच क्षीण आहे, आणि आपण ज्याला घाबरतो तो मसाला बहुतेक वेळा निर्दोष असतो. लक्ष ठेवायचं ते जुडीतल्या हिरव्या पानांवर आणि बाटलीतल्या कॅप्सूलवर.

आधी रक्त साकळतं कसं, ते थोडक्यात. त्यात तीन वेगळी कामं आहेत. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट पेशी तिथे चिकटतात आणि एकमेकींना धरून बूच बसवतात. त्याच वेळी रक्तद्रवातली प्रथिनं एकामागून एक जागी होऊन शेवटी फायब्रिनचे धागे विणतात, त्यामुळे बूच पक्कं होतं. काम झाल्यावर हे धागे विरघळवणारी तिसरी यंत्रणा सुरू होते. ॲस्पिरिन पहिल्या कामात खोडा घालते. वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त लिहून दिलं जाणारं असेनोकुमरॉल, म्हणजे रुग्णांच्या तोंडचं 'ॲसिट्रॉम', दुसऱ्या कामात. चाचण्याही वेगळ्या. प्लेटलेट किती जोमाने गोळा होतात ते पाहण्याची प्रकाशाची पद्धत गुस्ताव बॉर्न यांनी १९६२मध्ये मांडली, तर प्रोथ्रॉम्बिन टाइम ही चाचणी आर्मंड क्विक यांची, १९३५ची. तिचाच प्रमाणित अवतार म्हणजे आयएनआर. एखाद्या वनस्पतीने प्लेटलेटना रोखलं म्हणजे आयएनआर वाढेलच असं नाही, आणि उलटही नाही. वर्तमानपत्रांतले 'अमुक मसाला रक्त पातळ करतो' हे मथळे या तिन्ही कामांची एकच खिचडी करतात.

  

आता कांद्यापासून सुरुवात करू, कारण आधुनिक संशोधनाचीही सुरुवात जवळपास तिथूनच झाली. १९६८मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या आय. एस. मेनन आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं की चरबीयुक्त न्याहारीबरोबर कांदा दिला, तर रक्ताची गुठळ्या विरघळवण्याची शक्ती वाढते. कांदा तळलेला असो की उकडलेला, परिणाम दिसला. यामागे एक किस्सा सांगतात: एका फ्रेंच रुग्णाने मेनन यांना सांगितलं की आमच्याकडे घोड्याच्या पायात रक्त साकळलं तर त्याला लसूण-कांदा चारतात. किस्सा खरा असो-नसो, पाच वर्षांनी उदयपूरच्या अरुण बोर्दिया यांनी लसणीच्या तेलावरचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापलं आणि कांदा-लसूण हा भारतीय हृदयविज्ञानाचा आवडता विषय झाला.

याच लाटेत महाराष्ट्रातला सर्वांत मनोरंजक अभ्यास झाला. डॉ. जी. एस. सैनानी तेव्हा पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात होते. त्यांच्या लक्षात आलं की कांदा-लसणीचा परिणाम माणसांत तपासायला आपल्या शेजारीच तयार गट आहे: जैन समाज. एकाच समाजातल्या, एकाच प्रकारचं शाकाहारी जेवण घेणाऱ्या कुटुंबांत काही कांदा-लसणीला आयुष्यभर हात लावत नाहीत, काही थोडं खातात, काही मनसोक्त खातात. सैनानींनी असे तीन गट केले. मनसोक्त खाणारे म्हणजे आठवड्याला किमान ५० ग्रॅम लसूण आणि ६०० ग्रॅम कांदा, थोडे खाणारे म्हणजे आठवड्याला १० ग्रॅम लसूण आणि २०० ग्रॅम कांद्याच्या आत, आणि तिसरे अजिबात न खाणारे. १९७९मध्ये निष्कर्ष छापले गेले. रक्तातलं सरासरी कोलेस्टेरॉल अनुक्रमे १५९, १७२ आणि २०८ मिलिग्रॅम निघालं. रक्त साकळण्याच्या मोजमापांवर त्यांनी वेगळा लेख लिहिला. त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे ज्याचे धागे बनतात ते प्रथिन, न खाणाऱ्यांत जास्त आढळलं.

हा अभ्यास जगभर उद्धृत झाला आणि आजही लसणीच्या कॅप्सूल विकणारे तो वापरतात. त्याची रचना हुशार होती यात शंका नाही. परंतु गिरगाव-भुलेश्वरात, लालबागेत, वाळकेश्वरात जैन कुटुंबांच्या शेजारी राहिलेल्या कुणालाही त्यातली फट दिसेल. कांदा-लसूण न खाणारा जैन फक्त कांदा-लसूणच सोडत नाही. तो बटाटा, गाजर, मुळाही सोडतो, सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा चौविहार पाळतो, उपवासाचं त्याचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि स्वाद भरून काढायला तुपाचा, फरसाणाचा हात बहुधा सैल असतो. मनसोक्त खाणारा जैन कदाचित बाहेर जास्त जेवतो, कदाचित तरुण पिढीतला असतो. मग २०८ आणि १५९ यांच्यातलं अंतर कांद्याने पाडलं की आयुष्याच्या एकूण घडणीने, हे या रचनेतून कळत नाही. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गटाने २००७मध्ये सहा महिने कच्ची लसूण आणि लसणीच्या गोळ्या देऊन नीट नियंत्रित चाचणी केली, तेव्हा कोलेस्टेरॉलवर काही फरक पडला नाही. सैनानींचा अभ्यास म्हणून रद्दी ठरत नाही. तो प्रश्न विचारणारा होता, उत्तर देणारा नव्हता.

लसणीत नेमकं काय आहे, याचं उत्तर १९८४मध्ये एरिक ब्लॉक, राफेल अपित्स-कास्त्रो आणि सहकाऱ्यांनी दिलं: अहोईन नावाचं गंधकयुक्त संयुग. ते अख्ख्या पाकळीत नसतं. पाकळी ठेचली की आधी अ‍ॅलिसिन तयार होतं, आणि ठेचा तेलात मुरत राहिला की त्यातून अहोईन बनतं. प्लेटलेट एकमेकींना जिथून धरतात ती जागाच ते अडवतं.

इथे स्वयंपाकघर मध्ये येतं. अर्जेंटिनातल्या एका गटाने २००७मध्ये लसूण वेगवेगळ्या प्रकारे शिजवून तिची प्लेटलेट-विरोधी शक्ती मोजली. तीन मिनिटं उकळली तर ती टिकते, अख्खी पाकळी सहा मिनिटं शिजली की शून्य. आधी ठेचून मग शिजवली तर थोडी उरते, मायक्रोवेव्हमध्ये टाकली की जाते. कारण साधं आहे. अ‍ॅलिसिन बनवणारं विकर उष्णतेने मरतं. ठेचल्यावर त्याला काम करायला उसंत मिळाली असेल तरच पुढे काही उरतं. म्हणजे दादरच्या घरात आमटीला दिलेली लसणीची फोडणी, करपेपर्यंत परतलेली, गंधाला उत्तम पण प्लेटलेटना जवळपास अदृश्य. पाट्यावर ठेचलेली, कच्ची, सुक्या खोबऱ्याबरोबरची चटणी वेगळी. पण वडापावाबरोबर ती खाऊन खाऊन किती खाणार? २००७मध्येच निरोगी स्वयंसेवकांना कच्च्या लसणीने भरलेलं ग्रीक दह्याचं तोंडीलावणं खायला घालून प्लेटलेट तपासल्या गेल्या, आणि त्यांच्या कामात काही बिघाड दिसला नाही.

कांद्याची गोष्ट समांतर चालते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गोल्डमन यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की कांदा जितका झणझणीत, जितकं गंधक जास्त, तितका तो प्लेटलेटना जास्त रोखतो. या न्यायाने अलिबागचा गोडसर पांढरा कांदा नाशिकच्या लाल कांद्यापुढे फिका पडायला हवा. हा माझा तर्क आहे, मोजमाप नव्हे.

लालबागच्या बाकीच्या पोत्यांकडे वळायचं तर एक नाव टाळता येत नाही: डेन्मार्कमधल्या ओडेन्से इथे काम करणारे के. सी. श्रीवास्तव. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्यांनी भारतीय मसाल्याचा जवळपास अख्खा डबाच प्लेटलेटवर पालथा केला. ओवा १९८८, जिरं आणि हळद १९८९, लवंग १९९३. निष्कर्ष साधारण एकसारखे: अर्क प्लेटलेटना गोळा होऊ देत नाही, आणि ॲस्पिरिन ज्या रासायनिक वाटेवर बसते त्याच वाटेवर, थ्रॉम्बोक्सेनच्या निर्मितीवर, तो परिणाम करतो. लवंगेतलं युजेनॉल हे त्यातलं सगळ्यात दमदार संयुग. तेच तुळशीतही असतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत श्रीमल आणि धवन यांच्या गटाने हळदीतल्या कर्क्युमिनवर १९८५च्या सुमारास असंच काम केलं.

हे वाचताना माणूस भारावून जातो, आणि तिथेच थांबायला हवं. असे शेकडो शोधनिबंध आज भारतीय नियतकालिकांत दिसतात: अमुक पाल्याचा मिथेनॉलमधला अर्क काढला, रक्तद्रवात मिसळला, साकळण्याचा वेळ वाढला, म्हणून ही वनस्पती रक्ताच्या गुठळ्यांवर उपयोगी. यातल्या बहुतेकांवर माझा भरवसा नाही. पानांच्या, सालींच्या अर्कात टॅनिन भरपूर असतात आणि टॅनिनचा स्वभावच प्रथिनं खाली बसवण्याचा. चामडं कमावतात ते त्याच गुणावर. साकळण्याची प्रथिनंच खाली बसली तर वेळ वाढणारच, पण ती औषधी क्रिया नव्हे. काही पॉलिफेनॉल कॅल्शियम धरून ठेवतात, आणि कॅल्शियमशिवाय रक्त साकळतच नाही. रक्ततपासणीच्या निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट घालतात ते त्याच कारणाने. कर्क्युमिनबद्दल तर २०१७मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी सविस्तर लिहिलं की ते प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत इतक्या प्रकारे ढवळाढवळ करतं की त्याचे अनेक 'परिणाम' हे चाचणीचेच भ्रम असू शकतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मात्रेची. नळीत जी तीव्रता वापरतात ती पोटातून रक्तात पोचतच नाही. आतडं आणि यकृत मध्ये बसलेले असतात.

म्हणून परीक्षानळीपेक्षा खाऊन पाहिलेले प्रयोग मोलाचे. बोर्दिया, वर्मा आणि श्रीवास्तव यांनीच १९९७मध्ये हृदयरोग्यांना आलं आणि मेथी देऊन पाहिली. सुंठ रोज ४ ग्रॅम, तीन महिने: प्लेटलेटवर परिणाम नाही. एकदम १० ग्रॅम: परिणाम स्पष्ट. मेथी: परिणाम नाही. चार-पाच चहाचे चमचे सुंठ एका दमात कोण खातं? रामनवमीच्या सुंठवड्याचा चिमूटभर प्रसाद यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. सिडनीच्या एका गटाने २००५मध्ये १२ निरोगी पुरुषांना आलं आणि वॉरफरिन एकत्र दिलं, तर वॉरफरिनच्या कामात फरक पडला नाही. आल्यावरच्या मानवी चाचण्यांचा २०१५मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तोही ठोस काही सांगू शकला नाही.

आणि मिरची? थायलंडमध्ये १९८२मध्ये एक सुंदर कल्पना मांडली गेली: थाई लोकांत नसांत रक्त साकळण्याचे आजार कमी दिसतात ते रोज खाल्लेल्या मिरचीमुळे असावेत. मिरची घातलेल्या शेवया खायला दिल्या की गुठळ्या विरघळवण्याची शक्ती खरोखर वाढली, पण थोड्याच वेळात जागेवर आली. लेखकांचं म्हणणं होतं की दिवसातून कितीतरी वेळा अशा छोट्या उसळ्या मिळत राहतात, त्याचाच फायदा. कल्पना देखणी आहे. पुरावा तिच्या मागे धावत दमलेला आहे.

एक दाखला मात्र असा आहे, जिथे आपल्याच मुंबईत मुरांब्या-लोणच्याच्या वनस्पतीतून जगाच्या प्रयोगशाळांत पोचलेलं संयुग सापडलं. भुलेश्वरच्या बाजारात गुजराती घरांसाठी 'गरमर'चं लोणचं मिळतं. एका कोलियसची, म्हणजे आपल्या ओव्याच्या पानाच्या चुलतभावाची, ती मुळं. मुलुंडच्या होएश्ट संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात याच वनस्पतीवर काम झालं आणि १९७७मध्ये फोर्स्कोलिन या संयुगाची रचना प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास लखनौच्या संस्थेनेही या वनस्पतीतून कोलिओनॉल वेगळं केलं होतं. अमेरिकेत जॉन डेली आणि केनेथ सीमन यांनी १९८१मध्ये उलगडलं की फोर्स्कोलिन पेशीतल्या एका विकराला थेट जागं करतं आणि त्यामुळे पेशीत चक्रीय एएमपीची पातळी चढते. ही पातळी चढली की प्लेटलेट शांत बसते, चिकटत नाही. पुढच्याच वर्षी हे माणसाच्या प्लेटलेटवर दाखवलं गेलं. आज जगभर पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत फोर्स्कोलिनची कुपी असते. त्याचं प्लेटलेटवरचं औषध मात्र झालं नाही, कारण चक्रीय एएमपी हृदयापासून आतड्यापर्यंत सगळीकडेच चढते. लोणच्याची फोड खाऊन काही होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता मेथी आणि दालचिनीकडे येऊ, कारण त्यांच्याबद्दलची भीती एका खऱ्या आणि नाट्यमय गोष्टीतून आली आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेतली गुरं शिंगं कापली किंवा खच्ची केली की रक्त वाहून मरायला लागली. पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी कारण शोधलं: बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा. १९३३च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, एड कार्लसन नावाचा शेतकरी मेलेली कालवड, न साकळलेल्या रक्ताची दुधाची किटली आणि सडका चारा गाडीत घालून विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या दारात पोचला. लिंक यांच्या प्रयोगशाळेत काही वर्षांनी त्या चाऱ्यातलं रक्त साकळू न देणारं संयुग, डायकुमरॉल, शुद्ध रूपात मिळालं. त्याच कुळातून वॉरफरिन आलं: १९४८मध्ये उंदीर मारायला, १९५४पासून माणसांसाठी. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते दिलं गेलं. आपल्या ॲसिट्रॉमचं मूळही हेच.

गोड क्लोव्हर ही मेथीची सख्ख्यासारखी नातेवाईक, आणि तिच्या गोड वासामागे कुमरिन असतं. दालचिनीच्या नावाने बाजारात येणाऱ्या जाड सालीच्या कॅसियातही कुमरिन भरपूर असतं. इथून निष्कर्ष काढला जातो की मेथी-दालचिनी रक्त पातळ करतात. पण कुमरिन स्वतः रक्ताचं काही करत नाही. चाऱ्याला बुरशी लागते तेव्हा ती बुरशी कुमरिनचं रूपांतर करून डायकुमरॉल बनवते. कोरडी मेथी, स्वच्छ दालचिनी यांत ते घडत नाही. कॅसियाबद्दल जर्मनीच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २००६मध्ये इशारा दिला तो यकृताच्या काळजीने, रक्ताच्या नाही. मेथीबद्दल २००१मध्ये वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णाचा आयएनआर चढल्याची नोंद आहे, पण तिथे मेथीबरोबर बोल्डो नावाची दक्षिण अमेरिकी वनस्पतीही घेतली जात होती. दोष कुणाचा, सांगता येत नाही. हिंगाच्या नातेवाइकांत मात्र एक खरा खलनायक आहे. भूमध्य समुद्राकाठची महाबडीशेप, फेरुला कम्युनिस, खाऊन मेंढ्या रक्तस्रावाने मरतात. तिच्यातल्या फेरुलेनॉलची रचना वॉरफरिनच्या घराण्यातली आहे. आपला हिंग दुसऱ्या फेरुलाचा. फोडणीतल्या चिमटीला तो आरोप लावू नये.

इथवर मसाल्याची बाजू. आता पानांची, आणि इथे चित्र उलटं होतं. ॲसिट्रॉम जे करते ते के जीवनसत्त्वाला अडवून. हेनरिक डाम या डॅनिश शास्त्रज्ञाने कोंबडीच्या पिल्लांवर काम करून हे जीवनसत्त्व शोधलं. त्याबद्दल त्याला एडवर्ड डॉइझी यांच्याबरोबर १९४३चं नोबेल मिळालं. यकृत ज्या साकळणाऱ्या प्रथिनांना के जीवनसत्त्वाशिवाय पूर्ण करू शकत नाही त्यांत दुसरा, सातवा, नववा आणि दहावा घटक येतात. के जीवनसत्त्वाचा मुख्य साठा हिरव्या पानांत. शंभर ग्रॅम कच्च्या कोथिंबिरीत सुमारे ३१० मायक्रोग्रॅम, पालकात ४८०च्या आसपास, माठाच्या पानांत तर हजाराच्या वर. अमेरिकी शिफारस प्रौढ पुरुषाला दिवसाला १२० आणि स्त्रीला ९० मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे पोह्यांवर भुरभुरवलेल्या कोथिंबिरीने काही होत नाही. पण एक वाटी माठाची भाजी, वर हिरवी चटणी, संध्याकाळी कोथिंबीर वडी, असा दिवस गोळीच्या कामाला सरळ विरोध करतो.

केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत हे महत्त्वाचं आहे, कारण तिथे ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा निकामी होऊन कृत्रिम झडप बसवलेले अनेक तरुण, विशेषतः स्त्रिया, ॲसिट्रॉमवर असतात. नवी, खाण्याचं पथ्य न लागणारी औषधं त्यांना चालत नाहीत. धातूच्या झडपेवर त्यांतलं डाबिगॅट्रान देऊन पाहिलेली चाचणी वाईट निकालांमुळे मध्येच थांबवावी लागली. २०२२मध्ये ऱ्हुमॅटिक हृदयरोगात त्यांतल्याच रिव्हरोक्साबानपेक्षा जुनी औषधंच सरस ठरली. त्यामुळे आयएनआर साधारण अडीच ते साडेतीनच्या पट्ट्यात ठेवायची कसरत आयुष्यभराची. अशा रुग्णांना पालेभाज्या बंद करा असं सांगणारे डॉक्टर अजूनही आहेत, आणि हा सल्ला मला चुकीचा वाटतो. २००७मध्ये न्यूकॅसलच्याच (कांद्याच्याच गावच्या) एका गटाने आयएनआर सतत वरखाली होणाऱ्यांना रोज १५० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व दिलं, तेव्हा आयएनआर अधिक स्थिर झाला. ज्याच्या आहारात पानं जवळजवळ नसतात त्याला एक दिवसाचा माठही हलवून टाकतो. रोज थोडी खाणाऱ्याची गोळी त्या हिशेबाने ठरते. दादर बाजारातून आठवड्याला किती जुड्या घरात येतात, याचा अंदाज डॉक्टरला सांगावा आणि तो पाळावा.

दुसरं खरं धोक्याचं ठिकाण म्हणजे अर्क आणि कॅप्सूल. हळद रोज चिमूटभर खाल्ली तर कर्क्युमिन रक्तात जवळपास पोचतच नाही. म्हणून गोळ्या बनवणारे त्यात मिरीतलं पायपेरिन घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या १९९८च्या अभ्यासात माणसांत २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. जाहिरातदार हाच आकडा छापतात. पायपेरिन हे करतं ते यकृतातली आणि आतड्यातली औषधं निकाली काढणारी विकरं व पंप रोखून, आणि तीच यंत्रणा इतर औषधांनाही हाताळते. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८मध्ये एका रुग्णाची नोंद जाहीर केली: वॉरफरिनवर स्थिर असलेल्या माणसाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर दहाच्या वर गेला. ती पातळी जीवघेणी असते. लसणीबद्दल १९९०मध्ये एका ८७ वर्षांच्या गृहस्थांच्या मणक्याच्या पोकळीत आपोआप रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. ते लसूण फार खात. शस्त्रक्रियेआधी लसणीच्या गोळ्या किमान सात दिवस बंद कराव्यात असा सल्ला 'जामा'तल्या २००१च्या आढाव्याने दिला.

व्हॉट्सॲपवर फिरणारा आलं, लसूण, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध यांचा 'ब्लॉकेज उघडणारा' काढा याच रकान्यात येतो. तो ब्लॉकेज उघडत नाही. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साठलेला चरबीचा, कॅल्शियमचा थर आणि त्यावर अचानक बसणारी गुठळी या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तो पिणारे बहुतेक जण ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेटना रोखणारी दोन्ही औषधं घेत असतात. त्यांनी तो आपल्या कार्डिऑलॉजिस्टला न सांगता प्यायला, तर मला तक्रार आहे. चटणीबद्दल नाही.

उलट्या दिशेचंही थोडं सांगायला हवं. बोट कापलं की हळद दाबून धरणं हा मराठी घरातला पहिला उपाय, आणि कर्क्युमिन तर प्लेटलेटना रोखतं! यात विरोधाभास नाही. बारीक पूड ओल शोषते, दाब पडतो, आणि खरखरीत पृष्ठभागाचा स्पर्श होताच साकळण्याची साखळी सुरू होते. गावाकडे दगडी पाला चोळून लावतात. त्यावर प्रयोगशाळांत थोडंफार काम झालं आहे. तुर्कस्तानात तर एक गोष्ट औषधाच्या दुकानापर्यंत गेली: थाइम, ज्येष्ठमध, द्राक्ष, कुलिंजनाची एक जात आणि खाजकुयलीसारखी चिडवणारी नेटल, या पाच वनस्पतींचा अर्क जखमेवर टाकला की रक्तातल्या प्रथिनांचं जाळं काही सेकंदांत बनतं. थाइम हा ओव्याचाच रासायनिक सगासोयरा, थायमॉलमुळे. पोटात गेला तर प्लेटलेटना शांत करतो म्हणतात, जखमेवर ओतला तर प्रथिनांना गोळा करतो. मघाशी टॅनिनला जो दोष दिला तोच इथे गुण ठरतो.

आयुर्वेदाकडे या विषयात वेगळ्या दृष्टीने पाहायला हवं. रक्तपित्ताच्या कारणांत उष्ण, तीक्ष्ण, तिखट, खारट पदार्थ सांगितलेले आहेत, आणि उपचारांत अडुळसा, दूर्वा यांसारख्या गोष्टी. ही निरीक्षणं पडताळून पाहण्याजोगी आहेत. केईएममध्ये औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी आयुर्वेद संशोधनाची जी शिस्त घातली, ती नेमकी हीच: दावा घ्या, आधुनिक चाचणी लावा, आणि निकाल हवा तसा निघाला नाही तरी छापा. डहाणूकर मराठी वाचकांना 'फुलवा'सारख्या पुस्तकांमुळे ओळखीच्या. झाडांवर इतक्या प्रेमाने लिहिणारी व्यक्ती त्यांच्या अर्कांबद्दल इतकी काटेकोर होती, हे मला नेहमी आवडतं.

हीच शिस्त लावून सैनानींच्या अभ्यासातली फट भरायची तर त्यासाठी वेगळे गट शोधायची गरज नाही. मुंबईत हिंदू आणि जैन घरांत चातुर्मास पाळला जातो. आषाढातल्या कांदेनवमीला कांदाभजी, कांद्याची थालीपिठं खाऊन अनेक घरं कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद ठेवतात. म्हणजे तोच माणूस, तेच घर, तोच स्वयंपाक करणारा हात, आणि जिन्नस तेवढे आठ महिने आत, चार महिने बाहेर. कांदेनवमीच्या आठवड्यात एकदा, भाद्रपदात एकदा आणि दिवाळीनंतर कांदा परत सुरू झाल्यावर एकदा रक्त घेतलं, फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट मोजल्या, तर सैनानींना जे वेगवेगळ्या माणसांत शोधावं लागलं ते एकाच माणसात दिसू शकेल. अडचण एकच, पण मोठी. श्रावणात मराठी घरात पालेभाज्या वाढतात, तर चातुर्मासात काटेकोर जैन घरं पालेभाज्या पूर्ण सोडतात. के जीवनसत्त्वाचा आलेख दोन्ही घरांत उलट्या दिशांना जाईल. म्हणून ॲसिट्रॉम घेणाऱ्या रुग्णांना या अभ्यासात घ्यायचं तर लालबागचं मराठी घर आणि भुलेश्वरचं जैन घर वेगवेगळ्या तक्त्यांत मांडावं लागेल, आणि प्रत्येक घराकडून कांद्याबरोबरच माठाच्या, पालकाच्या, कोथिंबिरीच्या जुड्यांचाही हिशेब घ्यावा लागेल.